गर्भाशयमुखाचा कॅन्सर: लस, तपासणी आणि रिपोर्ट आल्यावर पुढे काय

अंगावरून पांढरं जाणं, मध्येच डाग लागणं, कंबर भरून येणं अशा तक्रारी बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची अडचण याच्याही आधीची आहे. हा आजार ज्या काळात सहज थांबवता येतो, त्या काळात तो कसलीच तक्रार देत नाही. दुखत नाही, खुपत नाही, रक्तस्राव नाही, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत काही दिसत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर असं: त्रास नाही तेव्हाच करायची, ती तेवढ्यासाठीच आहे.

२०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्यात गेल्या. बहुतेक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. हे आकडे मला अस्वस्थ करतात, कारण या कॅन्सरचं मूळ कारण माहीत आहे, त्यावर लस आहे, आणि कॅन्सर होण्याआधीची अवस्था ओळखून ती काढून टाकता येते. इतकं सगळं हाताशी असलेले कॅन्सर फार थोडे. पुढे पायरीपायरीने सांगते. त्यातही रिपोर्टनंतरचा भाग घाईत वाचू नका. तपासणी करूनही बायका तिथेच सुटून जातात.

आधी हा आजार कसा होतो ते

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनीत उघडतो, ते गर्भाशयमुख. बोलीत आपण पिशवीचं तोंड म्हणतो. बाहेरच्या बाजूच्या चपट्या पेशी आणि आतल्या नलिकेतल्या उंच पेशी जिथे एकमेकींना भेटतात, त्या पट्ट्यात पेशी सतत बदलत असतात. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, नेमका तिथे तग धरतो. कॅन्सरही बहुधा तिथूनच सुरू होतो आणि तपासणीचा नमुनाही तिथूनच घ्यावा लागतो.

एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यातले डझनभर कॅन्सर घडवू शकतात, आणि १६ व १८ हे दोनच प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत असतात. हॅराल्ड त्सूर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये शोधून काढले. त्यासाठी २००८ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. कंडोमने धोका कमी होतो, पण कंडोम न झाकणाऱ्या भागातूनही लागण होऊ शकते, त्यामुळे पूर्ण संरक्षण मिळत नाही.

लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी ही लागण होतेच. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून ती दोनेक वर्षांत आपोआप निघून जाते आणि त्यांना पत्ताही लागत नाही. राहिलेल्या थोड्या जणींत विषाणू ठाण मांडून बसतो आणि पेशी हळूहळू बिघडू लागतात. तिथून कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, विशेषतः एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर हाच प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. तंबाखू आणि धूम्रपानानेही लागण टिकून राहायला मदत होते.

हा विषाणू शरीरात किती वर्षं गप्प होता, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्याला काहीही आधार नाही. लागण लग्नाआधीची असू शकते, वीस वर्षांपूर्वीची असू शकते. या भीतीपोटी रिपोर्ट घरात न सांगणाऱ्या आणि मग उपचारालाही न जाणाऱ्या बायका असतात, म्हणून हे ठासून सांगते आहे.

पहिली पायरी: लस, आणि ती वेळेवर

लशीत जिवंत किंवा मेलेला विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन प्रयोगशाळेत तयार करतात. त्याचे कण आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोळा होतो. आत जनुकं नसल्यामुळे त्यापासून लागण होऊच शकत नाही. शरीर मात्र त्याला खरा विषाणू समजून प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्या लशीला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज दोन, चार आणि नऊ प्रकारांविरुद्धच्या लशी आहेत. १६ आणि १८ हे प्रकार सगळ्यांत आहेत, त्यामुळे जी उपलब्ध असेल ती वेळेवर घेणं, हव्या त्या लशीसाठी थांबून राहण्यापेक्षा बरं.

योग्य वय ९ ते १४. इतक्या लहान वयात का, हा प्रश्न आईवडिलांच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. त्याची कारणं दोन. लस पुढची लागण अडवते, झालेली लागण घालवत नाही. म्हणून ती संपर्क येण्याच्या कितीतरी आधी द्यायची. आणि या वयात शरीर लशीला इतका जोरदार प्रतिसाद देतं की कमी डोस पुरतात. लस दिल्याने मुली लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, ही भीती अनेक देशांत अभ्यासून पाहिली आहे. तसं आढळलेलं नाही.

डोसांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेला सल्ला असा: ९ ते २० या वयात एक किंवा दोन डोस, २१ आणि त्यापुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन. एचआयव्ही असेल किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल, तर वय कितीही असो, किमान दोन आणि शक्य तर तीन. प्रत्येक देशाचं वेळापत्रक यापेक्षा थोडं वेगळं असू शकतं. तुमच्याकडे लागू असेल ते पाळा. दुसरा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा.

इंजेक्शन दंडात देतात. नंतर दंड दुखतो, कधी सूज, थोडा ताप, डोकेदुखी. किशोरवयीन मुलींना कोणत्याही इंजेक्शननंतर चक्कर येऊ शकते, म्हणून ती बसून किंवा आडवं होऊन घ्यायची आणि नंतर १५ मिनिटं तिथेच थांबायचं. मुलगी उठून धावत निघाली तर थांबवा. पडून डोक्याला लागणं हा लशीपेक्षा मोठा त्रास. आधीच्या डोसाने किंवा लशीतल्या एखाद्या घटकाने तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर पुढचा डोस घ्यायचा नाही. काही लशी यीस्टमध्ये बनवलेल्या असतात, त्यामुळे यीस्टची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गरोदरपणात लस देत नाहीत. गरोदर असल्याचं माहीत नसताना दिली गेली तर घाबरण्याचं कारण नाही, उरलेला डोस बाळंतपणानंतर घ्यायचा. लशीमुळे वंध्यत्व येतं हा समज निराधार आहे.

लग्न झालं आहे, वय पंचविशी-तिशीत आहे, तर लस घ्यावी का? घेता येते, फायदाही होऊ शकतो, पण लहान वयात मिळतो तेवढा नाही. या वयात पैसा, वेळ आणि धीर यांचा पहिला हक्क तपासणीचा, असं माझं मत आहे. मुलग्यांना लस दिल्याने त्यांचं घशाच्या आणि गुदद्वाराच्या एचपीव्ही कॅन्सरपासून रक्षण होतं आणि पसरणंही कमी होतं. पण लशी थोड्या असतील तिथे आधी मुली.

लस खरंच कॅन्सर थांबवते का, याचा पुरावा आता हाती आहे. स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयाच्या १७ वर्षांआधी लस घेतलेल्यांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळलं. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुली तपासणीच्या वयाला पोचल्या, तेव्हा त्यांच्यात पसरणाऱ्या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही. हा अभ्यास २०२४ चा.

दुसरी पायरी: कोणती तपासणी, कोणत्या वयात

लस घेतली तरी तपासणी चुकत नाही, कारण कोणतीही लस कॅन्सर घडवणारे सगळे प्रकार अडवत नाही.

तपासण्या मुख्यतः तीन. सगळ्यांत जुनी पॅप स्मिअर: गर्भाशयमुखावरच्या पेशी ब्रशने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी ती रूढ केली, त्यांचं यावरचं मुख्य पुस्तक १९४३ चं. ज्या देशांनी ती नियमाने राबवली तिथे मृत्यू झपाट्याने घटले. पण एका वेळच्या पॅपमधून बरंच निसटू शकतं, आणि नलिकेच्या आतल्या बाजूला सुरू होणारा प्रकार तर जास्तच. त्यामुळे ती दर तीन वर्षांनी करत राहावी लागते.

दुसरी, एचपीव्ही डीएनए चाचणी. ही पेशी बघत नाही, कॅन्सर घडवणाऱ्या प्रकारांचा विषाणूच शोधते. निवड असेल तर हीच करा. तिच्यातून फार थोडं निसटतं, म्हणून निगेटिव्ह आली की ५ ते १० वर्षं निर्धास्त राहता येतं. शिवाय नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो: कापसाची किंवा ब्रशची काडी योनीत काही सेंटीमीटर आत घालून थोडा वेळ गोल फिरवायची आणि नळीत ठेवून द्यायची. ज्यांना तपासणीच्या टेबलावर जायचीच भीती किंवा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या अखेरीला पॅपच्या जागी हीच चाचणी आणली आणि २०२२ पासून स्वतः नमुना घेण्याची मुभा सगळ्यांना दिली. लक्षात ठेवा, स्वतः घेतलेल्या नमुन्यावर पॅप होत नाही. विषाणू सापडला तर पुढच्या तपासणीला जावंच लागतं.

तिसरी व्हीआयए. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे पातळ व्हिनेगर, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी पेशी गुलाबी राहतात. बिघडलेल्या पेशींच्या जागी मात्र पांढरा, कडा स्पष्ट असलेला चट्टा बघता बघता उमटतो. ना प्रयोगशाळा, ना थांबणं. प्रशिक्षित परिचारिका ही तपासणी करू शकते आणि निकाल तिथल्या तिथे. मर्यादा अशी की ती बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे. पाळी गेल्यावर पेशी बदलण्याचा तो पट्टा आत सरकतो आणि डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे त्या वयात व्हीआयएवर भिस्त ठेवू नये.

वयाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रियांना ३० पासून सुरुवात सुचवते: एचपीव्ही चाचणी असेल तर दर ५ ते १० वर्षांनी, पॅप किंवा व्हीआयए असेल तर दर ३ वर्षांनी. एचआयव्ही असेल तर २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. काही देश सगळ्यांनाच २१ किंवा २५ पासून बोलावतात. पण विशीतल्या मुलीची एचपीव्ही चाचणी करून फारसा लाभ नाही. तिची लागण बहुधा आपोआप जाणार असते, आणि पॉझिटिव्ह निकालाने नुसता घोर लागतो. अगदीच नियमित जमणार नसेल तर निदान ३५ च्या आत एकदा आणि ४५ च्या आत पुन्हा एकदा एचपीव्ही चाचणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेलं लक्ष्यही हेच आहे: ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षाआधी लस, ७० टक्के स्त्रियांची अशी दोनदा तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के जणींना उपचार.

तपासणीच्या दिवशी

पाळी चालू नसताना जा. पाळी संपल्यावरचा आठवडा सोयीचा. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध, योनीत घालायच्या गोळ्या, मलम, आतून धुणं टाळा. आधीच्या रिपोर्टचे कागद आणि शेवटच्या पाळीची तारीख जवळ ठेवा. तांबी बसवलेली असली तरी तपासणी होते.

टेबलावर पाठीवर झोपून पाय दुमडून बाजूला घ्यायचे. कमरेखाली चादर असते. नसेल तर मागा. डॉक्टर किंवा परिचारिका स्पेक्युलम नावाचं साधन हळूच आत घालून उघडतात, म्हणजे गर्भाशयमुख दिसतं. सगळ्यात जास्त ताण इथे जाणवतो. पोट आणि मांड्या आवळून धरल्या की दुखतं. तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिलात की स्नायू सैल पडतात. मग ब्रश एक-दोनदा फिरतो, खरचटल्यासारखं किंवा पाळीतल्या कळेसारखं क्षणभर वाटतं, आणि संपलं. सगळं मिळून पाचेक मिनिटं. दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. लहान आकाराचं स्पेक्युलम मागता येतं, स्त्री डॉक्टर मागता येते, सोबत कुणाला तरी आत घेता येतं. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे जास्त टोचतं, तेही आधी सांगावं. नंतर एखाद-दुसरा दिवस हलके डाग लागले तर चिंता नको.

निघण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: रिपोर्ट कधी मिळणार आणि तो मला कोण सांगणार. ‘काही असलं तर आम्ही फोन करू’ यावर विसंबू नका. फोन आला नाही म्हणजे रिपोर्ट चांगला, असा अर्थ होत नाही. तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी स्वतः मागायला जा.

रिपोर्ट हातात आल्यावर

एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर पुढची तारीख लिहून ठेवा आणि निश्चिंत व्हा. नमुना अपुरा असं लिहिलं असेल तर तो निकालच नाही. काही महिन्यांत पुन्हा द्यावा लागेल.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. विषाणू सापडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. १६ किंवा १८ हा प्रकार असेल तर थेट कॉल्पोस्कोपीला पाठवतात. इतर प्रकार असतील तर पॅप किंवा व्हीआयए करून बघतात. त्यात काही नसेल तर साधारण वर्षभराने चाचणी पुन्हा. हे वर्ष विसरायचं नाही.

पॅपच्या रिपोर्टमध्ये इंग्रजी अक्षरांची जंत्री असते. एएससी-यूएस म्हणजे पेशी किंचित वेगळ्या दिसल्या, कारण नक्की नाही. बहुधा एचपीव्ही चाचणी जोडून निर्णय घेतात. एलएसआयएल म्हणजे सौम्य बदल, बहुतेकदा ताज्या लागणीमुळे. एचएसआयएल म्हणजे गंभीर बदल. हा शब्द दिसला की आठवड्यांत पुढची भेट झाली पाहिजे, महिने जाऊ द्यायचे नाहीत.

कॉल्पोस्कोपीत दुर्बिणीसारख्या भिंगातून गर्भाशयमुख मोठं करून बघतात, ॲसिटिक ॲसिड लावतात आणि संशयास्पद जागेचा तांदळाएवढा तुकडा तपासायला घेतात. हीच बायोप्सी. ‘बायोप्सीने कॅन्सर पसरतो’ असं सांगून घरचे अडवतात. तसं होत नाही, आणि या एका समजापायी हातची वेळ निघून जाते.

बायोप्सीत सीआयएन, म्हणजे पेशींमधले कॅन्सरआधीचे बदल, हा शब्द आणि पुढे बदल किती गंभीर ते सांगणारे १, २, ३ असे आकडे येतात. सीआयएन १ बहुधा आपोआप जातं, त्यावर नजर ठेवतात. सीआयएन २ निम्म्या जणींत दोन वर्षांत मागे फिरतं. मूल व्हायचं असलेल्या तरुण स्त्रीला डॉक्टर कधीकधी थांबायला सांगतात, ते याच कारणाने. सीआयएन ३ काढून टाकायचंच. न्यूझीलंडमध्ये काही स्त्रियांवर पुरेसे उपचार झाले नव्हते. त्यांच्या नोंदी पुढे तपासल्या तेव्हा दिसलं, की ३० वर्षांत शंभरातल्या साधारण तीस जणींना कॅन्सर झाला.

उपचार ऐकायला वाटतात तितके मोठे नाहीत. थर्मल ॲब्लेशनमध्ये सुमारे १०० अंश तापलेलं टोक २० ते ३० सेकंद लावून बिघडलेला थर जाळतात. क्रायोथेरपीत तोच थर गोठवतात. लीप म्हणजे जागा बधिर करून, विजेवर तापणाऱ्या तारेच्या कड्याने तो भाग कापून काढणं. त्याच दिवशी घरी जाता येतं. नंतर काही आठवडे पाणी किंवा काळपट स्राव जातो. साधारण चार आठवडे शरीरसंबंध, टॅम्पॉन आणि जड उचलणं टाळायचं. तासाला एक पॅड भिजत असेल, ताप असेल किंवा घाण वास येत असेल तर लगेच दवाखाना गाठा. लीपनंतर गर्भ राहू शकतो. फक्त जास्त खोल भाग काढला असेल तर वेळेआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो, म्हणून पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना हे आठवणीने सांगा. गर्भाशय काढणं हा या अवस्थेचा नेहमीचा उपचार नाही. पहिल्याच भेटीत कुणी ते सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

उपचारानंतर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा चाचणी, आणि ती चांगली आली तरी पुढची अनेक वर्षं ठरलेल्या अंतराने तपासण्या. बरं वाटतंय म्हणून ही भेट सर्रास टळते, आणि परत आलेला दोष सापडायला उशीर होतो.

कोणत्या तक्रारीत तपासणीची तारीख बघायची नाही

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डागसुद्धा दिसणं, सतत दुर्गंधीचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं, ओटीपोटात न थांबणारं दुखणं. यातलं काही असेल तर मागच्या वर्षीचा रिपोर्ट चांगला होता, हे कारण चालणार नाही. डॉक्टरांना तक्रार स्पष्ट सांगा आणि गर्भाशयमुख प्रत्यक्ष बघून घ्यायला सांगा. नुसत्या सोनोग्राफीवर किंवा पाळीच्या गोळ्यांवर परत येऊ नका. यातल्या बहुतेक तक्रारींचं कारण साधं निघतं, पण ते बघितल्यावर कळतं.

तपासणी थांबवायची कधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वयाच्या पन्नाशीनंतर, आधीच्या दोन लागोपाठच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने निगेटिव्ह असतील तर. काही देश ६५ किंवा त्याही पुढे नेतात. आयुष्यात एकदाही तपासणी झालेली नसेल तर पन्नाशी उलटल्यावरही करून घ्या. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांनी ऑपरेशनचे कागद काढून एक गोष्ट बघावी: गर्भाशयमुखही काढलं होतं का. कधीकधी ते मागे ठेवतात, आणि तसं असेल तर तपासणी इतरांसारखीच चालू ठेवावी लागते. दोन्ही काढलं असेल आणि ते सीआयएन २-३ किंवा कॅन्सरमुळे नसेल, तर या तपासणीची गरज उरत नाही. कागद सापडत नसतील तर स्पेक्युलम घालून एकदा बघितलं की गर्भाशयमुख आहे की नाही, ते डॉक्टर तिथेच सांगतील.